शिवराई, लिंबू-मीठ आणि मावळातला पाऊस

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या जुन्या घरांना तांब्याची नाणी साधारण तीन ठिकाणी मिळतात: देव्हाऱ्यात, आजीच्या ट्रंकेत आणि भातखाचरात चिखलणी करताना. देव्हाऱ्यातलं नाणं लख्ख असतं, ट्रंकेतलं काळपट तपकिरी आणि खाचरातलं हिरवं. वाचायला यांतलं सगळ्यात सोपं बहुतेक वेळा ट्रंकेतलं असतं. हिरवंही पुष्कळदा वाचता येतं. लख्ख नाण्यावर मात्र 'श्री' कुठे होती आणि 'राजा' कुठे, हे अंदाजानेच सांगावं लागतं, कारण दर सणाला ते तांब्या-ताम्हणाबरोबर घासलं गेलेलं असतं.

तांब्याची जुनी नाणी स्वच्छ कशी करावीत आणि टिकवावीत कशी, यावर जगभरच्या संग्रहालयांत शंभर वर्षांहून अधिक काळ काम झालं आहे. त्यातलं पुष्कळसं काम समुद्राकाठच्या, वाळवंटातल्या, खाऱ्या जमिनीतल्या वस्तूंवर झालं. मावळाची गोष्ट जरा निराळी आहे. इथे पाऊस इतका पडतो की जमिनीतले विरघळणारे क्षार बरेचसे वाहून जातात. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्गाच्या आसपास मिळालेल्या नाण्याला समुद्राचं मीठ लागलेलं असतं, तसं कानंद खोऱ्यातल्या किंवा हिरडस मावळातल्या नाण्याला सहसा नसतं. तरीही इथल्या नाण्यांवर मिठाचा रोग दिसतो. तो बहुतांशी आपल्या स्वयंपाकघरातून येतो, असं माझं मत आहे, आणि या लेखात मी ते मांडणार आहे.

आधी नाण्यांची ओळख. या भागात मिळणाऱ्या नाण्यांत शिवराईचा मान पहिला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति' आणि भोवती ठिपक्यांची माळ. वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. पुढे छत्रपतींच्या वारसांच्या आणि पेशव्यांच्या काळातही हाच मजकूर चालू राहिला. अक्षरवळण बदललं, 'शिव'चा 'सिव' झाला, आडव्या दोन रेघांची दुदांडी शिवराई आली, आणि इंग्रजी अमल बसल्यावरही कितीतरी वर्षं ती बाजारात चालली. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळींवरचा ग्रंथ १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या मुद्रा संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यानंतर या नाण्यांकडे बारकाईने पाहण्याची सवय संग्राहकांना लागली. शिवराईबरोबर आदिलशाही आणि निजामशाहीचे तांब्याचे फलूस, जाडजूड ढब्बू पैसे, कंपनी सरकारचा आणि व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा असंही काही इथे निघतं.

हे सांगण्याचं कारण असं की शिवराईची ओळख तिच्या बारकाव्यांत आहे. ती हाताने पाडलेली. ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अर्धा मजकूर कडेबाहेर गेलेला. जे उरतं त्यातल्या वेलांटीचा वळसा, ठिपक्यांची जाडी, रेघेची जागा यांवरून ती कोणत्या काळातली ते ठरतं. हे सगळे बारकावे केसाएवढ्या उंचीचे. पितांबरी किंवा चिंच लावून काथ्याने दोनदा घासलं की आधी जातात ते हेच.

त्यामागे साधं विज्ञान आहे. तांबं मऊ असतं. मोहच्या मापावर त्याचा कठीणपणा ३ च्या आतला, आणि त्यावर चढलेली हिरवी मॅलाकाइटची किंवा तांबूस क्युप्राइटची पुटं साडेतीन ते चार. म्हणजे कोणतीही भुकटी पूट काढण्याइतकी खरखरीत असेल तर ती तांब्याला आधीच ओरखडे काढते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जमिनीत पडलेलं नाणं गंजतं तेव्हा धातूचा वरचा थर हळूहळू क्युप्राइटमध्ये बदलतो आणि नाण्याचा मूळ पृष्ठभाग, त्यावरच्या अक्षरांसकट, पुष्कळदा त्या थरातच राहतो. त्याच्यावर मॅलाकाइट आणि माती. नाणं लिंबात टाकून थेट गुलाबी धातूपर्यंत गेलं, तर मळाबरोबर अक्षरंही विरघळतात. खाली राहते खड्डे पडलेली गुलाबी चकती. सराफाकडून तेजाबात बुडवून आणलेली नाणी अशीच दिसतात, आणि दोन पावसाळ्यांत ती पुन्हा काळी पडतात, तीही डागाडागांनी.

आता मिठाकडे. नुसतं लिंबू किंवा चिंच तांब्याची पुटं विरघळवते. सोबत मीठ असलं की काम झपाट्याने होतं, म्हणून आपल्याकडे ही जोडी. भांड्याला ती चालते, कारण भांडं लगेच भरपूर पाण्याने धुतलं जातं, त्याचा पत्रा सपाट असतो आणि ते रोज वापरात असतं. नाण्याला खळगे असतात, भेगा असतात, गंजाचे सच्छिद्र थर असतात. त्यांत मिठातलं क्लोराईड शिरतं आणि नळाच्या पाण्याने निघत नाही. तिथे त्याचं तांब्याशी क्युप्रस क्लोराईड होतं. हा फिका, मेणचट पदार्थ कोरड्या हवेत गप्प बसतो. हवेत दमटपणा वाढला की ओलावा आणि प्राणवायू घेऊन तो फिकट हिरव्या भुकटीत बदलतो, आणि या बदलात आम्ल सुटतं. ते आम्ल खालचं ताजं तांबं खातं, पुन्हा क्युप्रस क्लोराईड तयार होतं आणि फेरा चालू राहतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चक्र मांडलं. इंग्रजीत त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात, पण शुद्ध तांब्यालाही तो होतो.

कल्हईवाल्याच्या नवसागराचीही हीच अडचण. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. त्यात क्लोराईड आहे आणि तांब्याला खाणारा अमोनियाही. पातेल्याला कल्हई करताना तो हवाच. नाण्याला मात्र तो कधीही लावू नये. संडास साफ करायच्या आम्लाबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्या वाफेने नाण्याआधी माणसाला त्रास होतो.

रोग आहे की नुसता हिरवा रंग, हे ओळखता येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं आणि नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं धरावं. मॅलाकाइट गडद हिरवा, घट्ट, थोडा चकचकीत, टाचणीच्या टोकाला दाद न देणारा. रोगाची हिरवळ फिकी असते, कुणी खडूची पूड शिंपडावी तशी, आणि टाचणी लावली की भुरभुर पडते. खाली छोटा खड्डा दिसतो, त्याच्या तळाशी कधी ओलसर करडी चमक. खात्री नसेल तर झाकणाच्या डबीत ओला कापूस ठेवावा, नाणं त्याला लागणार नाही असं उंचावर ठेवावं आणि एक-दोन दिवसांनी पाहावं. नव्या फिकट हिरव्या पुळ्या उठल्या तर रोग जिवंत आहे. वेल्ह्यातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ही परीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही. उघडं कपाट तेच काम करतं.

उपायांबाबत तज्ज्ञांची मतं वेळोवेळी बदलत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश म्युझियममध्ये अलेक्झांडर स्कॉट यांनी सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात वस्तू आठवडे-महिने बुडवून क्लोराईड बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. हॅरल्ड प्लेंडरलीथ यांच्या १९५६ च्या ग्रंथामुळे ती जगभर गेली. नंतर लक्षात आलं की दीर्घकाळ बुडवल्यावर हे द्रावण मूळ हिरव्या थराचीही रचना बदलतं आणि नवी निळसर-हिरवी संयुगं तयार करतं. म्हणून आज ती पद्धत सरसकट वापरत नाहीत. विजेच्या प्रवाहाने गंज काढण्याची पद्धत एके काळी संग्रहालयांत सर्रास चालायची. मोटारीची बॅटरी आणि मिठाचं पाणी घेऊन आजही कुणी कुणी ती घरी करतात. तीत क्युप्राइटमधली अक्षरं गळून पडतात, शिवाय मिठाचं पाणी म्हणजे पुन्हा तेच दुखणं. १९६७ मध्ये डॅनिश संरक्षणतज्ज्ञ ब्रिंच मॅडसेन यांनी बेन्झोट्रायाझोल हा पदार्थ पुढे आणला. तो तांब्याच्या पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर धरतो आणि क्लोराईडचं चक्र मंदावतो. आज प्रयोगशाळांत तोच मुख्य उपाय आहे. पण तो आरोग्याला सुरक्षित मानला जात नाही, त्वचेला आणि श्वासाला लागू द्यायचा नसतो, म्हणून घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. डेव्हिड स्कॉट यांचा गेटी संस्थेने २००२ मध्ये काढलेला तांबे-कांस्यावरचा मोठा ग्रंथ या सगळ्या उलटसुलट मतांचा जमाखर्च मांडतो, आणि तो वाचल्यावर ठसतं ते एवढंच की जितकं कमी कराल तितकं बरं.

भारतातही ही परंपरा जुनी आहे. पुरातत्त्व खात्यात १९१७ पासून रसायनतज्ज्ञ आहेत आणि त्यांची प्रयोगशाळा देहरादूनला आहे. तांब्याच्या नाण्यांसाठी आपल्या संग्रहालयांत बराच काळ रोशेल मीठ आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण वापरलं गेलं. रोशेल मीठ म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि टार्टारिक आम्ल चिंचेत असतं. म्हणजे आजीची चिंच आणि संग्रहालयाचं द्रावण एकाच कुळातलं! फरक असा की अल्कधर्मी द्रावणात टार्ट्रेट हिरवा थर सोडवून घेतं आणि खालच्या क्युप्राइटला बहुतेक हात लावत नाही. चिंचेचं आम्ल असा भेद करत नाही. कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाला तर डोळा जातो, म्हणून हेही जाणकाराच्याच हातात.

मग घरी करायचं काय? पहिलं काम नाण्याला पाणीसुद्धा न लावता होतं. लोकांना नाणं स्वच्छ हवं असतं ते बहुधा त्यावरचं वाचण्यासाठी. अंधारात नाणं टेबलावर ठेवून मोबाईलचा दिवा बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणावा आणि नाणं हळूहळू फिरवावं. झिजलेली वेलांटीसुद्धा सावलीमुळे उठून दिसते. या आडव्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्यावं. निम्म्या नाण्यांचं काम इथेच संपतं.

ट्रंकेतल्या तपकिरी नाण्याला याहून काही करायची गरज नाही. तो तपकिरी थर आपोआप जमलेला, घट्ट आणि तांब्याचं रक्षण करणारा आहे.

देव्हाऱ्यातल्या नाण्याचं दुखणं वेगळं: कुंकू, हळद, तेल, तूप, पंचामृत. समईच्या तेलाच्या खळग्यात जो हिरवट चिकट थर साठतो, तोच नाण्यावरही असतो. तेलातली मेदाम्लं तांब्याशी एकत्र येऊन तो तयार होतो. (म्हणूनच नाण्याला खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल चोळून ठेवण्याचा सल्ला ऐकू नये. चकाकी चार दिवस राहते, मग तेच तेल हिरवं होतं.) हा थर पाण्याने जात नाही. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंवा शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत नाणं ठेवलं की तो मऊ पडतो आणि कापसाच्या बोळ्याने टिपता येतो. चोळायचं नाही, टिपायचं. दोन्ही द्रव पटकन पेट घेतात, तेव्हा गॅसपासून आणि देवापुढच्या निरांजनापासून दूर, खिडकी उघडी ठेवून हे काम करावं. नखांचं पॉलिश काढायचं द्रव अ‍ॅसिटोनचं असलं तरी त्यात रंग आणि सुगंध घातलेला असतो, ते नको.

पूजेत नाणं हवंच असेल तर एक उपाय घरातल्या थोरांनाही पटतो. जुनं नाणं डबीत ठेवावं आणि अभिषेकाला गडाच्या पायथ्याशी मिळणारी नव्या घडणीची शिवराई घ्यावी. तिला हवं तितकं लिंबू लावा.

मातीतलं नाणं, म्हणजे तुमच्या घरात आधीपासून असलेलं मातीने माखलेलं नाणं, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवावं. हे पाणी गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं. बाटलीवर 'पाणी'च लिहिलं आहे ना, हे नीट वाचून घ्यावं, कारण त्याच फळीवर बॅटरीचं आम्लही असतं. विहिरीचं, बोअरचं किंवा बाटलीबंद पिण्याचं पाणी चालत नाही, त्यात क्षार असतात. दर एक-दोन दिवसांनी पाणी बदलायचं. मऊ झालेली माती बांबूच्या काडीने किंवा बाभळीच्या काट्याने, भिंगाखाली, सुटेल तेवढीच सोडवायची. काटा तांब्यापेक्षा मऊ असतो, स्टीलची सुई किंवा ब्लेड नसतं. जिथे अडकेल तिथे थांबायचं. क्लोराईड बाहेर येतंय का, हे शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या सरांकडून पाहून घेता येतं. भिजवलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब घातले की क्लोराईड असेल तर पाणी दुधासारखं गढूळ होतं. गढूळपणा येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहायचं. मात्र दीर्घकाळ भिजवण्यानेही रंग बदलू शकतो, म्हणून अधूनमधून पाहावं. शेवटी अल्कोहोलमध्ये बुडवून काढावं आणि दिव्याच्या उबेत पूर्ण सुकवावं. फडक्याने पुसून झालं असं समजू नये, कारण खळग्यांत ओल राहते. हातमोजे घालावेत, हिरवी पूड फुंकू नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

हे सगळं पावसाळ्यात करू नये. भोर शहरात निदान पाऊस जरा बेताचा, पण पश्चिमेला सह्याद्रीकडे, वेल्ह्याच्या घाटमाथ्याच्या गावांत चार महिने भिंतींना ओल असते. तेव्हा सुकवलेलं नाणं रात्रीत पुन्हा ओल धरतं. होळीपासून मृगापर्यंतचे कोरडे दिवस या कामाचे.

आणि खरं सांगायचं तर मावळात स्वच्छ करण्यापेक्षा ठेवणंच जास्त महत्त्वाचं. रोगाचं चक्र हवेतल्या आर्द्रतेवर चालतं. ती साधारण ४० टक्क्यांच्या खाली ठेवली तर रोगट नाणंही पुष्कळ वर्षं तसंच राहतं. इथल्या पावसाळ्यात हवेत ती ९० टक्क्यांवर जाते. उपाय फार खर्चिक नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या बिनकामाच्या, त्या घरी येईपर्यंतच ओलाव्याने भरलेल्या असतात. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. ज्या पातेल्यात स्वयंपाक होतो त्यात ते तापवू नये, विशेषतः निळं जेल, कारण त्याच्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो.

डब्यात काय नसावं, तेही पाहावं. मऊ, वास येणारा पीव्हीसी अल्बम कालांतराने आम्ल सोडतो आणि नाण्यांवर हिरवा चिकट थर चढतो. त्याऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्यावेत. लाकडी पेटी, मखमल, वर्तमानपत्र, रबर बँड हे सगळं आम्ल किंवा गंधक सोडतं. जुन्या वाड्यातली सुंदर सागवानी पेटी शोभेला ठेवावी, नाणी दुसरीकडे.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक भाग. तोरण्याच्या डागडुजीत धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. तिचा एक दुष्परिणाम असा की धातूशोधक यंत्र घेऊन गडाच्या माचीवर फिरणाऱ्यांना आपण इतिहासाची सेवा करतोय असं वाटतं. राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये तो मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला, आणि त्याच्याच नावावरून वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. तिथे खणणं गुन्हा आहे. वर पडलेलं नाणं उचलून खिशात घालणंही अयोग्य. नाणं कुठल्या थरात, कुठल्या भिंतीच्या कडेला, कशाबरोबर होतं, हे त्याच्या मजकुराइतकंच बोलतं, आणि एकदा उचललं की ते पुन्हा सांगता येत नाही. फोटो काढावा, जागा टिपावी आणि संचालनालयाला कळवावं.

शेतात किंवा पडक्या भिंतीत सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायद्यात सरकारने निधी घेतल्यास द्यायची रक्कम धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक अशी आहे. सोन्याच्या होनांना ती ठीक. तांब्याच्या नाण्यांनी भरलेल्या गाडग्याला ती इतकी किरकोळ पडते की शेतकऱ्याने तहसिलाचे हेलपाटे का घालावेत, हा प्रश्न रास्तच आहे. कायदा बदलायला हवा. तोपर्यंत निदान गाडगं फोडून नाणी लिंबाच्या पाण्यात टाकू नयेत. गाडग्यासकट, मातीसकट, ओल असेल तर ओलीतच ठेवून कळवावं, कारण एकत्र चिकटलेली नाणी सुटी करणं हे प्रयोगशाळेचं काम आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला वारसा म्हणून शिवराई पाठवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी ओसरतं, एरवी बुडालेलं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं आणि गाळातून फिरणाऱ्यांना काही ना काही दिसतं. अशा नाण्याचं वेगळं असं की ते वर्षातले आठ-दहा महिने पाण्याखाली आणि दोन-तीन महिने उन्हात असतं. अशी ओल-सुकीची ये-जा तांब्याला वाईट. बाहेर आल्यावर त्याला एकदम उन्हात वाळवू नये. संचालनालयाकडे पोहोचेपर्यंत ते ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावं.

राहता राहिली प्रयोगशाळा. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उठत असेल, नाण्याचा पापुद्रा सुटत असेल किंवा नाणी एकमेकांना चिकटलेली असतील, तर घरचे उपाय थांबवावेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आणि डेक्कन कॉलेजमध्ये नाण्यांची जाण असलेली माणसं भेटतात. जाताना नाणं डब्यात न्यावं आणि सोबत एका कागदावर ते कुठून आलं, कोणत्या खोलीतून, कोणी घासलं आणि कशाने, हे लिहून न्यावं. लिंबू-मीठ लावलं असेल तर तेही लिहावं. तज्ज्ञ पहिला प्रश्न तोच विचारतात.